पिवळी पट्टी

तुमच्या कम्प्युटरच्या खालच्या पट्टीवर आत्ता किती आयकॉन्स आहेत, मोजा बरं. आणि त्यातली तुम्ही स्वतः ठेवलेली किती? बहुतेकांचं उत्तर एक, फार तर दोन. बाकीची लॅपटॉपबरोबरच घरात आलेली असतात, लग्नात आलेल्या लेमन सेटसारखी. वापरत कुणी नाही, पण काढतही कुणी नाही.

आम्हा लिनक्सवाल्यांचं तसं नसतं. या पट्टीला आम्ही पॅनेल म्हणतो, आणि मॅकसारखी नुसती आयकॉन्सची रांग असली की डॉक. ती कुठे असावी, केवढी असावी, यावरून आमच्यात घरं फुटलीयत. एप्रिल २०११मध्ये ग्नोम ३ आलं आणि मनासारखी मांडता येणारी वरखालची दोन जुनी पॅनेल्स त्यानं मोडीत काढली. तेव्हा अर्जेंटिनातल्या एका पठ्ठ्यानं जुनं ग्नोम उचलून वेगळं बिऱ्हाड थाटलं आणि त्याला नाव दिलं ‘माते’. (देवीला हाक मारल्यासारखं वाटतं ना? पण ते तिकडच्या लाडक्या पेयाचं नाव आहे.) खुद्द लिनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीईकडे गेला, पुढे परतही आला. त्याच वर्षी उबुंटूनं युनिटी आणलं. त्याचं लाँचर डाव्या कडेला चिकटलेलं. ते खाली न्यायची सोय मिळाली २०१६ला. पाच वर्षं! आणि विंडोजवाल्यांनी हसू नये. २०२१मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा त्यांचा टास्कबार बाजूला न्यायची सोयच गायब झाली होती.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मी यात रात्री जाळल्यात. कैरो-डॉकची आयकॉन्स पाण्यातल्या प्रतिबिंबासकट नाचायची, कोपऱ्यात कॉन्की प्रोसेसरचं तापमान दाखवायचं आणि शेजारच्या खोलीतल्या मुली ‘दाखव ना, दाखव ना’ करत यायच्या. सॉलिड दिवस. पण पट्टी म्हणजे नटवायची वस्तू, यापलीकडे विचार करायची वेळ माझ्यावर आली ती गेल्या दिवाळीत. डोंबिवलीत. आईमुळे.

आई आमच्या सोसायटीची अकरा वर्षं खजिनदार. आधी वहीत, मग स्प्रेडशीटवर. पै-पैचा हिशोब, मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं तारखेसकट पाठ. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, इसेन्शियल ट्रेमर. मांडीवर ठेवलेला हात शांत असतो. कप उचलला, सुई घेतली, माऊस धरला की थरथर सुरू. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि तिचा २०१४चा लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत काही बसेना. ‘बरंच झालं,’ आई म्हणाली. ‘तसंही क्लिक करायला गेलं की भलतंच उघडतं. मार्चअखेरचे हिशोब झाले की राजीनामा देते.’

आई कधी ‘बरंच झालं’ म्हणत नाही. म्हणून मी बसलेच.

लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीईवालं. जुन्या मशीनवर ते हलकं चालतं आणि त्याच्या पॅनेलचं वाट्टेल ते करता येतं. मग तासभर काही न करता आईचा हात बघत बसले. तिचा खरा शत्रू डबल क्लिक होता. दोन क्लिकच्या मध्ये माऊस सरकायचा आणि फाईल उघडण्याऐवजी ओढली जायची. माऊसच्या सेटिंगमध्ये दोन क्लिकमधलं अंतर आणि वेळ वाढवता येते, ओढणं कधी सुरू व्हावं तेही लांबवता येतं. ते केलंच. पण पॅनेलवरच्या बटणाला मुळात एकच क्लिक लागतो. मग तिचं सगळं कामच तिथे का आणू नये?

आता जरा थिअरी. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४मध्ये दाखवून दिलं, की एखाद्या गोष्टीवर हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. कम्प्युटरवर यातून एक भारी फंडा निघतो. स्क्रीनच्या कडेला बाण थांबतो, पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे कडेला चिकटलेल्या बटणावर नेम धरायला नको, माऊस भिरकावला तरी चालतं. कोपरा तर दोन बाजूंनी अडवतो. तो सगळ्यात सोपा. पण पट्टी कडेला खरोखर चिकटलेली हवी. मध्ये चार पिक्सेलची फट ठेवून तरंगणारी डॉक फोटोत झकास दिसते, पण ती फट क्लिक गिळत असेल तर थरथरत्या हाताला तिचा काय उपयोग?

त्यामुळे माझ्या आवडीची एकेक गोष्ट बाद होत गेली. बाण जवळ आला की फुगणारी आयकॉन्स बाद. एक फुगलं की शेजारचं सरकतं, आणि आईनं धरलेला नेम चुकतो. आपोआप लपणारी पट्टी बाद. हात हलला की ती भुतासारखी आत-बाहेर करते. पट्टी डाव्या कडेला आणली, कारण १३६६ बाय ७६८च्या स्क्रीनवर उंचीचाच दुष्काळ असतो, आणि स्क्रोलबार उजवीकडे असल्यानं दोन्हींची गल्लत होत नाही. रुंदी ८० पिक्सेल. पट्टी लॉक केली, म्हणजे धक्क्यानं हलायला नको. दोन बटणांच्या मध्ये पारदर्शक सेपरेटर टाकले, नेम जरा हुकला तरी शेजारचं उघडू नये म्हणून. उभ्या पट्टीत घड्याळाचे आकडे आडवे पडले, तर आई मान वाकडी करून वेळ बघायला लागली. ‘डेस्कबार’ हा पर्याय निवडल्यावर ते सरळ झाले.

आयकॉन्सवर मात्र तिनं मला अडवलं. मी गोल, फिक्या रंगांचा छानसा सेट लावला होता. ‘ही चित्रं कुणासाठी गं? मला वाचता येतं.’ बरोबरच होतं तिचं. लाँचरला कुठलंही चित्र लावता येतं, मग मी शब्दांचीच चित्रं केली. पिवळ्यावर काळं, टॅक्सीच्या नंबरप्लेटसारखं. हिशोब, पत्रं, फोटो, बँक, गाणी. ‘हिशोब’ थेट ती फाईलच उघडतं आणि बसतं डाव्या वरच्या कोपऱ्यात. सगळ्यात खाली भाषा बदलायचं बटण. आणि सहावं होतं ‘मदत’. ते दाबलं, की पुण्यात बसून तिचा स्क्रीन मला दिसणार. हे माझ्या हट्टाचं.

दिसायला ही पट्टी भयंकर आहे, हे सांगितलंच पाहिजे. हॉस्टेलच्या मैत्रिणींना फोटो पाठवला तर एकीनं विचारलं, रिक्षा स्टँड आहे का? पण आईनं पहिल्या दिवशी ‘हिशोब’ दहा वेळा उघडून बंद केलं. मुद्दाम. दहाच्या दहा वेळा बरोबर. अकराव्यांदा उघडलं आणि बी विंगमधल्या थकबाकीला लागली.

पॅनेलची ही सगळी मांडणी एका फाईलमध्ये जपून ठेवता येते. तिची एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर आहे. मशीन बदललं तरी पट्टी तीच राहील. हात किती थरथरेल ते कुणालाच सांगता येत नाही. जास्त झालं तर ८०चे १०० करू, १२८पर्यंत जागा आहे. राजीनाम्याचं सध्या कुणी बोलत नाही. ३१ मार्चचा ताळेबंद वेळेत लागला.

मागच्या रविवारी घरी गेले तर पट्टीवर पाचच बटणं. ‘मदत’ गायब. राइट क्लिक करून ‘रिमूव्ह’ म्हणायचं तिला कुणी शिकवलं, ते ती सांगत नाही.

‘अगं, पण लागलं तर?’

‘लागलं तर फोन करेन की. उगाच जागा अडवत होतं.’