टॅन कुठे, कॉस कुठे

कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरकडे आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं लागतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती सारखीच दिसतात. मला आधी त्यांची छपरं दिसतात, आणि प्रत्येक छपरात आढ्यापाशी पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन काटकोन त्रिकोण. शेडचं मार्किंग हे माझं काम. राफ्टर किती लांब कापायचा, आढं किती चढवायचं, ब्रेसिंगचा अँगल कुठे छाटायचा, हे पोलाद कापण्याआधी ठरवावं लागतं. नववी-दहावीच्या भूमितीत शिकवलेली त्रिकोणमिती इथे रोज लागते. मात्र ‘कोणतं सूत्र लावायचं’ हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. या कोनाला कोणत्या गुणोत्तरावर भरवसा ठेवायचा, हा खरा प्रश्न.

ऐंशी फूट रुंदीचं गोदाम घ्या. आढ्याखालपर्यंतची अर्धी रुंदी चाळीस फूट. पत्र्याचा उतार दहाला एक, म्हणजे चाळीस फुटांत चार फूट चढ. संमुख बाजू भागिले लगतची बाजू, हे टॅन झालं: ०.१. अंशांत सांगायचं तर सुमारे ५.७१. राफ्टर हा कर्ण. चाळीसला या कोनाच्या कॉसने भागलं की ४० फूट २ इंच ३ सूत मिळतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन बाजू हातात आहेत, तेव्हा पायथागोरसही हेच उत्तर देईल.

आता कोन मोजताना एका अंशाची चूक झाली असं धरा. ५.७१ऐवजी ६.७१. कॉसने काढलेला राफ्टर जेमतेम इंचाने लांब होतो. पण टॅनने काढलेला चढ चार फुटांवरून ४ फूट ८ इंचांच्या पुढे जातो. चूक एकच, पण एका बाजूला एक इंच आणि दुसऱ्या बाजूला साडेआठ! कमी उताराच्या छपरात कॉस सुस्त असतो, कोन थोडा हलला तरी तो फारसा हलत नाही. टॅन मात्र लगेच धावतो. म्हणून आयटीआयमधून नवीन आलेला मुलगा कोनमापक घेऊन विचारतो, “दादा, अंश घेऊ का?” तेव्हा मी सांगतो, “अंश नको, चढ घे.” खांबांच्या डोक्यांवर लेव्हल पाइपने एक पातळी धरायची, मधोमध तिथून सरळ चार फूट वर जायचं. कोन आपोआप बसतो. शेडवाले उतार अंशांत न बोलता ‘दहाला एक’ असं बोलतात, त्यामागचं शहाणपण मला इथे दिसतं.

गावातल्या जुन्या कौलारू घरांचा हिशेब वेगळा. कौलांना सांधे फार, त्यात आपल्याकडचा पाऊस, म्हणून पाखं उभट ठेवावं लागतं. तीस अंशांच्या पाख्याला आढ्यापासून भिंतीपर्यंत आडवे दहा फूट असतील तर वासा ११ फूट साडेसहा इंचांचा लागतो. इथे एका अंशाने वाशात जवळपास दीड इंचाचा फरक पडतो. काल्हेरच्या गोदामावर तेवढ्याच दहा फुटांत तो पाव इंचाचा असता. म्हणजे कोन उभट होत जातो तसा कॉसही जागा होतो.

कधी उभ्या शेडला चिकटून नवी शेड घ्यायची असते. जुन्या छपराचा उतार जुळवायचा, पण आढ्यापर्यंत हात पोचत नाही. तिथे एक छोटा त्रिकोण पुरतो, कारण गुणोत्तर कोनाचं असतं, त्रिकोणाच्या आकाराचं नसतं. दोन फुटांची लेव्हल बॉटल पत्र्यावर आडवी धरून बुडबुडा मध्ये आणायचा आणि खालच्या टोकाशी पत्रा किती खाली गेला ते मोजायचं. पण चूकही त्याच गुणोत्तराने वाढते. दोन फुटांत एक सूत चुकलं तर चाळीस फुटांत वीस सूत, म्हणजे अडीच इंच. म्हणून सरळ दहा फुटी नळी घ्यावी आणि तिच्यावर बॉटल ठेवावी. तेच एक सूत मग चार सुतांवर थांबतं. त्रिकोण छोटा चालतो, पण जागा मिळेल तेवढा मोठा घ्यावा.

गुणोत्तरांचं हे कुठे सुस्त, कुठे जागं असणं फार पूर्वी एका कोष्टकात दिसून गेलेलं आहे. इ. स. ४९९च्या आर्यभटीयात आर्यभटाने काटकोनाचे चोवीस भाग केले, प्रत्येक ३ अंश ४५ कलांचा, आणि ३४३८ त्रिज्येसाठी ‘ज्यां’मधले, म्हणजे आजच्या साइनमधले, फरक दिले. पहिला फरक २२५, मग २२४, २२२. शेवटी ३७, २२, ७. मला हे कोष्टक अतिशय सुंदर वाटतं. शून्याजवळ कॉस सुस्त असतो तसाच नव्वदाजवळ साइन कसा थकत जातो, हे त्या शेवटच्या सातात उघड दिसतं. शाळेच्या तक्त्यातही ते आहेच: शून्यापासून तीस अंशांपर्यंत साइन अर्धा चढतो, साठापासून नव्वदापर्यंत मात्र फक्त ०.१३४. मुलं तो तक्ता पाठ करतात, पण या दोन टप्प्यांमधला फरक त्यांना सहसा कोणी दाखवत नाही. मला ही मोठी उणीव वाटते. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना कोन बसवायचा साइन बार पंचेचाळीस अंशांच्या वर वापरू नका असं सांगतात, त्याचं कारणही हेच. तिथून वर बारखाली ठेवलेल्या स्लिप गेजच्या उंचीतली बारीकशी चूक कोनात जास्त मोठी होऊ लागते.

उभ्या गोदामाचं आढं खालून मोजायचं असेल, तर पुस्तकातल्या उन्नत कोनाच्या गणितासारखंच काम असतं. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अंतर भिंतीपासून धरायचं नाही, आढ्याच्या बरोबर खालच्या जागेपासून धरायचं. नवीन मुलं हटकून भिंतीपासून टेप लावतात. दुसरी गोष्ट, उभं कुठे राहायचं. आढं डोळ्यांच्या पातळीपेक्षा तीस फूट वर आहे असं समजा. लांब जाऊन वीस अंशांवरून पाहिलं तर एका अंशाच्या चुकीने उंचीत वीस इंच चुकतात. जवळ येऊन पंचाहत्तर अंशांवर मान वर केली तर सत्तावीस. पंचेचाळीसच्या आसपास उभं राहिलं तर तेरा, आणि याहून कमी कुठेच होत नाही. म्हणून मी पोरांना आधी फिरायला लावतो. आढ्याखालच्या खुणेपासून मागे सरकायचं, कोन पंचेचाळीसजवळ आला की थांबायचं, अंतर आणि कोन लिहायचे, मग आढ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तेच पुन्हा करायचं. दोन्ही उत्तरांत डोळ्यांची उंची मिळवायची. ही उत्तरं फूटभरात जुळली तर क्रेन कोणती मागवायची ते ठरवायला तेवढं पुरतं. पत्र्याचं माप मात्र वर चढून, टेप लावूनच घ्यायचं.