परमुलखातले घर

सरकारी नोकराला घर नसते. त्याला निवासस्थान असते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही अशी अकरा निवासस्थाने पाहिली. प्रत्येकाच्या भिंतीत आमच्या आधीच्या साहेबांनी ठोकलेले खिळे होते, आणि निघताना आम्ही त्यांत आमच्या चार खिळ्यांची भर घालून आलो. आमची स्थावर मिळकत ती एवढीच! परंतु सेवानिवृत्तीला चौदा महिने उरले, आणि बदल्यांच्या आड लपून ज्या प्रश्नाला आम्ही आजवर चकवीत आलो, तो दत्त म्हणून समोर उभा राहिला. यापुढे राहावयाचे कोठे?

उत्तर दुबईहून आले. आमचे चिरंजीव तेथे आठ वर्षे नोकरीस आहेत. फोनवर म्हणाले, "बाबा, कोथरूडचा जो भाव ऐकून तुम्ही थक्क झालात, त्याच भावात इथे नवी कोरी जागा मिळते. मी दर वर्षी भाडं भरतोच आहे. तुमचा निवृत्तीचा पैसा इथे घातला, तर घरही होईल आणि पैसाही वाढेल."

कल्पना वाईट नव्हती. त्यातून दिल्लीच्या एका बड्या हॉटेलात परदेशी घरांचे प्रदर्शन भरले होते. तेथे आम्ही सहकुटुंब जाऊन आलो. गुळगुळीत कागदाची पुस्तके आणि काचेच्या पेटीत ठेवलेले बाहुलीच्या घराएवढे मनोरे पाहून घरी आलो, आणि जन्मभराच्या सवयीप्रमाणे एक वही काढून तक्ता आखला. गावाचे नाव, क्षेत्रफळ, चौरस फुटाचा भाव, रुपयांत एकूण. तक्ता देखणा झाला. पण जसजशी चौकशी करीत गेलो, तसतसा उजवीकडे एकेक नवा रकाना वाढवावा लागला, आणि पहिल्या रकान्यांतली स्वस्ताई पुढल्या रकान्यांत विरघळत गेली.

सिंगापूरची ओळ सर्वांआधी खोडली. तेथे २७ एप्रिल २०२३ पासून परदेशी माणसाने राहते घर घेतले, तर किमतीवर ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क बसते. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक परक्यांना शहरी घरखरेदीची बंदीच केली. लंडनचे दार उघडे होते. पण तेथल्या सदनिका बहुधा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळतात. आपण घर विकत घेतले असे म्हणावयाचे, आणि वस्तुतः घ्यावयाची ती नव्वद किंवा सव्वाशे वर्षे, दर वर्षी एकाने कमी होणारी. शिवाय एप्रिल २०२१ पासून देशाबाहेर राहणाऱ्याला खरेदीकरावर आणखी २ टक्के मोजावे लागतात.

राहिली दुबई. तेथे नेमून दिलेल्या भागांत परकीयांना पूर्ण मालकीने घर घेता येते. २००६ च्या कायद्याने त्या हक्काची नोंदही होते. नोंदणीपोटी किमतीच्या ४ टक्के भरावे लागतात. हे सारे वहीत नीट मांडून आम्ही समाधानाने मिशीवर हात फिरवीत होतो, तोच आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची आठवण झाली.

या गृहस्थाने २००८ च्या आरंभी, रीतसर परवानगी घेऊन, तेथे एक घर नुसत्या नकाशावर ठरविले. हप्ता ५० हजार दिरहमांचा. त्या वेळी डॉलरला सुमारे ४० रुपये पडत. दिरहम डॉलरशी बांधलेला असल्यामुळे त्याला सुमारे ११. म्हणजे हप्ता साडेपाच लाखांचा. त्याच वर्षाच्या अखेरीस जगभर मंदी आली, दुबईतले भाव पुढे कित्येक ठिकाणी निम्म्याच्या आसपास आले आणि इमारत वर्षानुवर्षे रखडली. शेवटचा हप्ता २०१३ च्या अखेरीस भरावयाचा, तेव्हा डॉलर ६२ च्या घरात गेला होता. तेच ५० हजार दिरहम आता साडेआठ लाखांना पडले. घराची किंमत उतरली आणि हप्ता चढला! त्यातच त्या वर्षी १४ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसे पाठविण्याची वार्षिक मर्यादा २ लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली आणि त्या पैशांतून परदेशी स्थावर घेण्यास मनाई केली. जुने करार पुरे करण्यास पुढे सवलत मिळाली. परंतु आपला करार खरोखर जुना आहे हे बँकेला पटवीपर्यंत बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता. बंदी २०१४ मध्ये उठली. त्याची झोप मात्र त्यानंतरही बरेच दिवस परत आली नाही.

रुपयाची घसरण घर विकताना आपल्या पथ्यावरही पडते, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या दिवसापर्यंत तग धरावा लागतो, आणि निवृत्तिवेतनावर तग धरणे निराळे.

आपल्या वाचकांत बहुसंख्य आमचेच जातभाई असल्यामुळे सरकारी रकान्याचीही आठवण देऊन ठेवतो. केंद्रीय नोकराला परदेशातील स्थावर घेण्यापूर्वी १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १८-अ प्रमाणे मंजुरी लागते; नुसते कळवून भागत नाही. पैसे पाठविण्याची मर्यादा २०१५ पासून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. आणि २०१५ च्याच कायद्याप्रमाणे परदेशातले घर प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखविण्याचे राहिले, तर १० लाख रुपयांच्या दंडाची पाळी येऊ शकते. विसरलो ही सबब चालत नाही.

एवढे सारे लिहून वही आम्ही सौ.पुढे सरकविली. तिने चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, आणि म्हणाली, "अहो, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. तुमच्यामागे तिथल्या कचेरीत मी कुणाला काय विचारू? कागद तरी मला वाचता येईल का?"

आम्ही फेब्रुवारी २०२३ पासून तेथे लागू झालेला बिगर-मुस्लिमांचा वारसा कायदा सांगू लागलो. मृत्युपत्र नसेल, तर निम्मे जोडीदाराला आणि निम्मे मुलांना. तिने ऐकून घेतले. पण तिने कायदा विचारलाच नव्हता. तिला उद्याच्या एकट्या दिवसाची धास्ती होती, आणि तिच्यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नव्हता.

त्या रात्री आम्हांला उमगले ते असे की, भाव घराचा असतो, पण जोखीम घेणाऱ्याची असते. तेच घर चिरंजीवांनी घेतले, तर मिळकत दिरहमांत आणि हप्ताही दिरहमांत. रुपया गडगडला तरी त्यांच्या हप्त्याला धक्का नाही. इमारत रखडली तर ते तेथे जाऊन उभे राहतील, तेथल्या कचेरीत हुज्जत घालतील. आम्ही घेतले, तर पुंजी रुपयांत, वय साठ, आणि डोळ्यांनी पाहावयाचे म्हटले तर विमानाचे तिकीट. एकाच भिंती, त्यांना आसरा, आम्हांला घोर.

फोन करून आम्ही त्यांना तसे सांगितले. ऐपत असेल तर तुम्ही आपल्या पगारातून, बांधून झालेले, डोळ्यांनी पाहिलेले घर घ्या. आमची पुंजी येथेच राहील. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बाबा, मी माझ्यासाठी म्हणत नव्हतो. तुम्ही दोघं जवळ यावं, एवढंच होतं."

यावर काय बोलावे ते आम्हांला सुचले नाही. बत्तीस वर्षे टिपण्या लिहिल्या, पण या वाक्यावर शेरा मारता येईना.

सकाळी पाहतो तो सौ.ने त्याच वहीच्या मागच्या पानावर स्वतःचा तक्ता आखला होता. गावे पुणे, सातारा आणि नाशिक. रकाने असे : दवाखाना किती लांब, पाणी किती वेळ, शेजार कोणाचा, आणि वर्षातून दोन महिने मुलाकडे राहून आलो तर कुलपाकडे कोण पाहील. भावाचा रकाना तिने अगदी शेवटी, सर्वांत अरुंद, ठेवला होता.

आम्ही पेन्सिल घेतली, आणि तिच्याशेजारी बसून तो तक्ता भरू लागलो.