चर्चमधला ड्रम आणि आमचा भाचा

आमचा भाचा दर रविवारी चर्चमध्ये ड्रम वाजवतो हे वस्तीत कळले आणि चार दिवस आमच्या घरी चहाचे भांडे खाली उतरले नाही. जो येई तो एकच विचारी, "पोरगं बाटलं का?" दाजींनी पोराशी बोलणेच टाकले. अक्का रडवेली होऊन आमच्याकडे आली. वस्तीतले अर्जफाटे, तंटेबखेडे आमच्याकडेच येतात, तसे हेही आले.

पोरगा मूळचा ढोलकीवाला. भीमगीतांच्या पार्टीत तयार झालेला हात. पण पार्टीचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांचा, पुढे घरी बसणे. चर्चमधल्या गाणाऱ्यांना ड्रमवाला हवा होता. मानधन ठरले, त्यात त्याच्या कॉलेजची फी निघते.

आम्ही एका रविवारी मुद्दाम जाऊन मागच्या बाकावर बसलो. ढोलकीवाल्याला गाण्यात मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतो, तोडा घेतल्याशिवाय राहवत नाही. इथे उलटे! पायाने वाजणारा मोठा ड्रम आणि समोरचा स्नेअर, एवढ्यावर ठेका धरायचा. सगळी मंडळी गात असताना त्यांच्या आवाजावर चढायचे नाही. उंच छत, दगडी भिंती. जोरात वाजवले तर आवाज घुमून शब्दच गिळून टाकतो. म्हणून तो जाड काठीऐवजी बारीक काड्यांची जुडी वापरतो आणि ड्रमपुढे पारदर्शक पडदा उभा केलेला असतो. प्रार्थना सुरू झाली की झांज हाताने धरून गप्प करायची आणि मुख्य गायकाकडे बघत राहायचे. गाणे पुन्हा केव्हा उचलले जाईल याचा नेम नाही. "मामा, ह्यात न वाजवणंच जास्त अवघड आहे," असे तो म्हणाला.

दाजींचा राग मात्र वेगळाच होता. त्यांचे वडील गावात हलगी वाजवत. ते गावकीचे काम, नाही म्हणायची सोय नव्हती. जत्रेत पुढे वाजवायचे आणि देवळाच्या पायरीखाली थांबायचे. १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म दिला, त्यानंतर त्यांनी ती हलगी चुलीत घातली. दाजी म्हणाले, "बापानं दुसऱ्याच्या देवापुढं वाजवणं सोडलं. पोरानं परत तेच धरलं."

यावर आम्ही त्यांना अमेरिकेतल्या गुलामांची हकीकत सांगितली. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, मालकांनी कायदा करून त्यांचे ढोल आणि शिंगे बंद केली. मग त्या लोकांनी टाळ्या आणि टाचांवर ताल धरला, प्रार्थनेतसुद्धा. विसाव्या शतकात काळ्या लोकांच्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये ड्रम राजरोस आला आणि पुढचे कितीतरी नामांकित वादक तिथेच तयार झाले. त्यांना वाजवण्याची बंदी, आपल्याला वाजवण्याची सक्ती. दाजींनी मान वर करून विचारले, "मग पोराला सक्ती आहे का?"

सक्ती नाही, हेच आम्ही पाहून आलो होतो. मानधन पाकिटात, हातात मिळते. पास्टर आणि भाचा एकाच टेबलावर चहा पितात. बाप्तिस्म्याची गोष्ट कुणी काढली नाही. काढली तर नाही म्हणायला त्याला तोंड आहे.

बाकी वस्तीवाल्यांचे म्हणाल तर हाच पोरगा दोन वर्षे नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होता, तेव्हा कुणी चहाला आले नाही! बावीस प्रतिज्ञा घरोघरी भिंतीवर आहेत. आधी त्या वाचाव्यात आणि मग सांगावे, विचारायला कधी यायला हवे होते. तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेले व्यापार पाच: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. त्यात ताल धरणे आम्हाला कुठे सापडले नाही.

अडचण खरी होती ती वेळेची. विहारातली वंदनाही रविवारी सकाळीच. चर्चमधले साडेनऊला आटोपते, म्हणून कमिटीला सांगून वंदना साडेदहाला घेतली. तो धापा टाकत येतो, चप्पल काढून मागे बसतो. वंदनेनंतर भीमगीतांचा सराव असतो. ढोलकी तोवर दाजींनी चढवून ठेवलेली असते.