देव आनंदबद्दल काय म्हणाली?

परवा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या मित्राने सुरैयाची मुलाखत पाठवली. कुणीतरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली कॅसेट, तिची ही कॉपी. खरखर भरपूर, मध्येच आवाज खोल जातो. तरी रात्री दोनदा ऐकली आणि सकाळी आमच्या ग्रुपवर टाकली. अर्ध्या तासात सात जणांनी एकच विचारलं, 'देव आनंदबद्दल काय म्हणाली?'

राग आला. मग लक्षात आलं, पहिल्यांदा ऐकताना मीही त्याचीच वाट बघत होतो.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. सुरैया म्हणजे पडद्यावर स्वतःची गाणी स्वतः गाणाऱ्या शेवटच्या मोठ्या नायिकांपैकी एक. लहानपणी मुंबई रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात गायची. सोबतीला राज कपूर आणि मदन मोहन, तेही तेव्हा पोरंच. गाण्याची रीतसर तालीम नाही. तरी 1942 च्या 'शारदा'मध्ये नौशादनी तिचा आवाज थेट नायिकेला, मेहताबला दिला. तेव्हा सुरैया असेल तेरा वर्षांची! पुढे सैगलबरोबर तीन चित्रपट केले. 1954 च्या 'मिर्झा गालिब'मध्ये तिने गालिबच्या गझला गायल्या, त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि खुद्द नेहरूंनी तिचं कौतुक केलं.

1963 साली 'रुस्तम सोहराब' आला आणि बाई थांबल्या. वय चौतीस. त्यानंतर 2004 मध्ये जाईपर्यंत चाळीस वर्षं मरीन ड्राइव्हच्या कृष्ण महलमध्ये राहिल्या. लग्न केलं नाही. पुन्हा चित्रपटात आल्या नाहीत, मुलाखती क्वचितच दिल्या.

आपण या चाळीस वर्षांना एकच नाव देऊन मोकळे झालो, अपुरं प्रेम. ते प्रेम होतं, आजीचा विरोध होता, सगळं खरं. पण ती बाई गात होती हो! तालीम नसताना गालिबचा एकेक शब्द इतका स्वच्छ कसा आला? शेजारी सैगल उभे असताना तेव्हाच्या त्या एका माइकसमोर कसं गायचं? हे सांगू शकणारी माणसं तेव्हाही मोजकीच होती. आणि आपण विचारलं काय?

एवढं मनाला लागलं, कारण आमच्या घरातही हेच झालं.

माझी आत्या भावगीतं म्हणायची. लग्नाआधी दोन-तीनदा रेडिओवर गायली होती. सासरी गाणं सुटलं. फुफाजी गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि शेवटची बारा वर्षं आमच्याच घरी राहिली. आल्यागेल्याचा प्रश्न ठरलेला, 'मग पुढे का नाही हो गायलात?' ती हसायची आणि चहा टाकायला उठायची. तिला कोणी शिकवलं, पेटीवर कोण असायचं, रेकॉर्डिंगला जायला एसटीचे पैसे कुणी दिले, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

ती गेल्यावर रेडिओ केंद्रावर चौकशी केली. टेप पुसून त्यावर दुसरा कार्यक्रम घेतला होता. टेप महाग, कपाटं कमी, तेव्हा असं सर्रास व्हायचं. तिथे थोडा वाद घातला, घरी येऊन केंद्राच्या नावाने बोटं मोडली. पण बारा वर्षं ती माझ्यासमोर बसून भाजी निवडत गुणगुणत होती आणि शेवटची काही वर्षं तर माझ्या खिशात रेकॉर्डिंग होणारा फोन होता. मग दोष कुणाला द्यायचा?

आता मुद्द्याचं. आपल्या गावात जुन्या संगीत नाटकांत कामं केलेली, भजनी मंडळात आयुष्य घालवलेली, तमाशात ढोलकी वाजवलेली माणसं अजून आहेत. दरवर्षी एखादं जातं, आपण श्रद्धांजलीचा फोटो टाकतो. चौकाच्या सुशोभीकरणाला नगरपालिकेकडे पैसे निघतात, तर वाचनालयाची एक खोली, एक बरा माइक आणि दोन हार्डडिस्क एवढंही निघायला हवं. तसा अर्ज मी लिहिलाय, सह्या पाहिजेत. दोन हार्डडिस्क अशासाठी की एक बिघडली तर दुसरी असावी.

पण अर्ज मंजूर होईपर्यंत थांबू नका. फोन उशीजवळ ठेवा, पंखा बंद करा आणि विचारा. फक्त 'का सोडलं' यापासून सुरुवात करू नका. 'पहिलं गाणं कोणतं बसवलं?' असं विचारा, माणूस खुलतो.

आणि हो, ज्या सात जणांनी विचारलं त्यांच्यासाठी: मुलाखत पूर्ण ऐका. गाण्याबद्दल बोलताना बाईंचा आवाज कसा उजळतो, तेवढं ऐका. बाकीचं त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या.