उदबत्ती घ्या आणि या माझ्या मागून!

अहो, हवेला वाट लागते! घरात शिरायला एक आणि घरातून निघायला दुसरी! मी आर्किटेक्ट नाही, इलेक्ट्रिशियन नाही, यातलं मला काही म्हणता काही कळत नाही. पण हे सापडल्यापासून एका जागी बसवत नाहीये!

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. एप्रिल-मे मध्ये बाहेरची खोली बरी, आणि आतल्या खोलीत पाऊल टाकवत नाही! घर एकच, पंखे सारखेच, मग असं का? म्हणून पंखे बंद केले, उदबत्ती लावली आणि आतल्या खिडकीपाशी धरली. धूर सरळ वर! खिडकी सताड उघडी, बाहेर बदामाची पानं हलतायत, आणि धूर ढिम्म! आणि मग मी उदबत्ती घेऊन दारात, आणि मग पॅसेजात, आणि मग स्वयंपाकघरात, आणि मग वर पाहिलं तर ओट्याच्या वर, छताला लागून, चक्क झरोका! काचेच्या पट्ट्यांचा! कबुतरं येतात म्हणून कुणीतरी कधीकाळी त्यावर पुठ्ठा ठोकलेला. पुठ्ठा काढला, आतली दारं उघडी ठेवली, पळत खिडकीपाशी आले आणि... धूर वाकला! आडवा झाला! खिडकीतून आत वळला आणि दाराकडे निघाला! मी ओरडलेच!

आपल्या लोकलमध्ये आतले उतरल्याशिवाय बाहेरच्यांना चढता येतं का? तसंच हे! गरम हवा वर चढते, म्हणून तिला बाहेर पडायची जागा छताजवळ हवी. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या कौलारू घरांत ती कौलांच्या फटींतूनच निघून जायची. कल्याणात पारनाक्याच्या वाड्यांत दारं समोरासमोर. किती शहाणी माणसं होती ती!

आणि मग दुसरा शोध! रात्री जेवणं झाल्यावर स्टुलावर चढून छताला हात लावला. गरम! सूर्य मावळून किती वेळ झाला, तरी गरम! स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आपल्या अंगावर सोडतो. पंखा बिचारा तीच छताजवळची हवा खाली ढकलतो. आणि मग सोसायटीला विचारून गच्चीच्या एका तुकड्याला पांढरा रंग दिला आणि भर दुपारी अनवाणी उभी राहिले. पांढऱ्यावर पाय टेकतो! शेजारच्या करड्या सिमेंटवर क्षणभरही नाही! एका हाताचं अंतर आणि एवढा फरक! अहमदाबादेत 2017 पासून वस्त्यांमधल्या छपरांना असा पांढरा रंग देताहेत. मग आपल्या गच्च्या अजून करड्या का?

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं बरं का! समुद्राकडचा वारा दुपारी पश्चिमेकडून येतो, आधी मुंबईला, मग ठाण्याला, आणि मग आपल्या डोंबिवली-कल्याणला. ज्या दिवशी तो उशीर करतो, त्या दिवशी पारा चढलाच म्हणून समजा! तेव्हा भर उन्हात पश्चिमेचे पडदे ओढून ठेवायचे आणि उन्हं उतरली की सगळं उघडायचं.

आणि पंखे सारखेच, तरी आतल्या खोलीतला मरगळल्यासारखा का फिरायचा? कंडेन्सर! इलेक्ट्रिशियन दादांनी वाटी खाली करून बोटाएवढी काळी डबी काढली, 2.5 एमएफडीची नवी बसवली, आणि पंखा असा सुटला की कॅलेंडर भिंतीवर आपटायला लागलं! मी नवा पंखा घ्यायला निघाले होते हो!

तर आज संध्याकाळीच उठा. उदबत्ती पडद्यापासून लांब धरा, धूर कुठे अडतो ते बघा, आणि तिथल्या झरोक्यावरचा पुठ्ठा, माळ्यावरचे डबे, जुनी सूटकेस, जे असेल ते हलवा. कबुतरांसाठी जाळी लावा, पण फार बारीक नको, तीही वारा अडवते. आणि न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तिथला झरोका सगळ्यात आधी मोकळा करा, हात जोडून सांगते! कोंडलेल्या जागेत गिझर जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि त्याने माणसं दगावतात.