अंगी लागलेला रंग

मराठी घरांतले आरोग्यशास्त्र फार आटोपशीर असते. मे महिन्यात आजोळी गेलेला मुलगा जूनमध्ये परत आला, की आई त्याला खिडकीपाशी उजेडात उभा करते, वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि म्हणते, “सुट्टी अंगी लागली हो!” परीक्षेच्या दिवसांत तीच माउली हळहळते, “रया गेली अगदी पोराची!” वजनाचा काटा नाही की रक्ताची तपासणी नाही. तोंडावरचा तजेला हाच दाखला. पक्ष्यांच्या जगात हे शास्त्र कितपत चालते, हे पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. कल्याण-डोंबिवलीकरांनी एखाद्या रविवारी ठाण्याला उतरावे आणि ऐरोलीची गाडी धरावी.

रस्ता तसा आपल्या रोजच्या पायाखालचा. १८५३ साली बोरीबंदराहून पहिली उतारूंची आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. तेव्हापासून आपण या खाडीवरून जा-ये करीत आहोत. पण आठ-पंचवीसच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली तरी खाडीकडे कोण पाहतो? पूल येतो, चाकांचा आवाज बदलतो, आणि ठाणे आले म्हणून मंडळी दाराकडे सरकू लागतात. ऐरोलीला मात्र या खाडीशी सवडीने गाठ पडते. तिथे वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून होडीत बसता येते, पण ती आपल्या घड्याळावर सुटत नाही, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर सुटते. लोकलच्या मिनिटामिनिटाला बांधलेल्या माणसाला हा बदल सुखाचा वाटतो.

दोन्ही काठांना तिवरांची दाट हिरवी भिंत, मागे धुरकट उंच इमारती, आणि मधल्या चिखलावर रोहितांचे थवे. इंग्रजीत फ्लेमिंगो म्हणतात तेच हे पक्षी. आपल्याकडे त्यांना अग्निपंख असेही एक देखणे नाव आहे. संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा. साधारण नोव्हेंबरपासून ते येऊ लागतात आणि मे अखेरपर्यंत मुक्काम ठोकतात. माघ-फाल्गुनात तर चिखलावर गुलाबी सतरंजी अंथरल्याचा भास होतो.

मी गेलो होतो त्या होडीत डोंबिवलीचे एक कुटुंब होते. सगळे गुलाबी रंगात दंग असताना त्यांतल्या आजींचे लक्ष मात्र कडेला उभ्या असलेल्या चार-पाच पक्ष्यांवर गेले. मळकट, करडे, जणू धुवायचे राहून गेलेले.

“अगं बाई, ही आजारी दिसतात बिचारी!” आजी म्हणाल्या.

होडीवाला कोळी हसला. “आजारी नाय, आजी. पोरं हायेत ती.”

त्या एका वाक्यात निम्मे पक्षिशास्त्र आले. रोहिताचे पिलू अंड्यातून बाहेर येते ते पांढुरक्या-करड्या लवीचे, सरळ चोचीचे. पुढे चोच वाकते, पाय लांबतात, उडता येऊ लागते, पण अंगावरचा करडेपणा जात नाही. पुरते गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पदवीच्या वर्षाची प्रश्नपत्रिका देऊन नापास ठरवावे, तसेच करड्या पिलाला रोगट म्हणणे आहे. त्याच्या वयाला तोच रंग शोभतो.

मग हा गुलाबी रंग येतो कुठून? इथे आपला ‘अंगी लागणे’ हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरतो. रोहिताला हा रंग स्वतःच्या शरीरात मुळापासून घडवता येत नाही, तो खावा लागतो. चिखलपाण्यातले नीलहरित शेवाळ, सूक्ष्म वनस्पती आणि त्यांवर जगणारे बारीक जीव यांत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये असतात. गाजराला केशरी करणारे द्रव्य त्यांच्याच कुळातले. वाकडी चोच उलटी पाण्यात बुडवून रोहित हे अन्न गाळून घेतो. यकृतात त्या द्रव्यांवर संस्कार होतात आणि नवे पीस उगवताना रंग त्यात उतरतो. पूर्वी प्राणिसंग्रहालयांतले रोहित दोन-चार वर्षांत पांढरेफटक पडत. त्यांच्या खाण्यात ही द्रव्ये मिसळू लागल्यावर त्यांचा रंग परतला.

याहून हृद्य गोष्ट पुढेच आहे. रोहिताचे आईबाप, दोघेही, पिलाला आपल्या अन्ननलिकेत तयार होणारे एक प्रकारचे दूध पाजतात आणि ते लाल असते. आपल्या अंगचा रंगच ते पिलाच्या मुखी घालतात. पिले वाढवण्याच्या त्या दिवसांत आईबाप फिकट पडत जातात आणि पिलू मात्र करडेच दिसते. मुलांच्या शिक्षणापायी ज्यांची रया गेली, अशा आईबापांना हे समजावून सांगायला नको.

पीस ही चीजही मोठी मजेची आहे. एकदा पूर्ण वाढले, की ते आपल्या नखासारखे निर्जीव होते. म्हणजे पिसाचा रंग ते उगवत होते तेव्हाची प्रकृती सांगतो, आजची नव्हे. वाढीच्या दिवसांत पिलाची उपासमार झाली, तर पिसावर कधीकधी बारीक आडवी, कमजोर रेघ उमटते आणि पीस गळून पडेपर्यंत तिथेच राहते. गॅलरीत पडलेले कावळ्याचे पीस उन्हासमोर धरून पाहावे. अशी रेघ दिसली, तर त्या कावळ्याचा एखादा वाईट आठवडा आपण वाचला असे समजावे.

रंगाने प्रकृतीच सांगावी असेही नाही. तलावावर दिसणारा काळा, कपाळी पांढरा टिळा लावलेला वारकरी नावाचा पाणपक्षी आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदाची पिले भडक नारिंगी लवीची असतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शास्त्रज्ञांनी काही पिलांची ती नारिंगी टोके कातरली. आईबाप भडक पिलांनाच अधिक भरवू लागले. पुढच्या अभ्यासात आणखी एक गंमत कळली. मागाहून जन्मलेली पिले सर्वांत भडक असतात. म्हणजे तो रंग धडधाकटपणाची जाहिरात नव्हे, शेंडेफळाने मांडलेला हट्ट आहे!

आता जरा कडू घोट. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. गुलाबी थवे पाहून कुणालाही वाटेल की खाडी ठणठणीत आहे. पण ज्या शेवाळावर हे थवे पोसतात, त्याला खतपाणी मिळते ते मोठ्या प्रमाणात आपल्याच सांडपाण्यातून. आपल्या मोऱ्यांतून वाहून गेलेले नत्र आणि स्फुरद खाडीत उतरतात आणि शेवाळ माजते. तेव्हा गुलाबी रंग हा पोटभर जेवणाचा दाखला आहे. ताटात त्याबरोबर आणखी काय वाढले गेले, हे तो सांगत नाही.

डोंबिवलीकरांना तर हे वेगळे सांगायलाच नको. २०१४ च्या जानेवारीत त्यांनी हिरवा पाऊस पाहिला आणि २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झालेला पाहिला. त्या गुलाबीला कुणी आरोग्याचे लक्षण म्हटले नाही. कारखान्याची झळ पिलांच्या पिसांपर्यंत कशी पोहोचते, हे फिनलंडमधल्या हार्यावाल्टा गावी दिसून आले आहे. तिथल्या तांबे गाळण्याच्या कारखान्याजवळ ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या पिलांची पिवळी छाती फिकट आढळली. कारण काय, तर ज्या अळ्यांतून पिवळा रंग मिळायचा, त्याच तिथे कमी झाल्या होत्या. विषाने थेट पिलाला गाठायची गरज नव्हती. त्याचे ताट रिकामे झाले, एवढे पुरे होते.

मग खाडीवर गेल्यावर पाहायचे काय? गुलाबी रंग डोळे भरून पाहावाच. पण मुलांना एक काम जरूर द्यावे. थव्यातली करडी पिले मोजायला सांगावे. रोहितांची घरटी कच्छच्या रणात, ओल्या चिखलाच्या उंचवट्यांवर असतात. त्या अवाढव्य वसाहतीचा वृत्तान्त डॉ. सलीम अली यांनी १९४५ साली लिहिला. रणात पाणी बेताने साचले, तरच वीण साधते. थव्यात करडी पिले बरीच दिसली, की समजावे, तिकडे पाऊस मानवला, अंडी तगली आणि पोरांनी एवढा लांबचा पल्ला उडून गाठला. थवा नुसताच गुलाबी असेल, तर तो दिसायला कितीही सुंदर असो, घरात लेकरू नसल्यासारखा आहे.

त्या आजी परतताना नातवाच्या मदतीने मोजत होत्या. “सतरा झाली गं, सतरा!” असे त्या सुनेला सांगत होत्या, आणि त्यांच्या आवाजात बारशाहून परतणाऱ्या बायकांचा आनंद होता. येत्या माघात आपणही जाऊन यावे, भरतीची वेळ मात्र आधी विचारून घ्यावी.