बसण्याची मजुरी

जगात सर्वांत सोपे काम कोणते, असा प्रश्न कोणी केला असता तर आम्ही परवापरवापर्यंत बेधडक उत्तर दिले असते, की चित्रकारापुढे मॉडेल म्हणून बसण्याचे. काही करावयाचे नाही, बोलावयाचे नाही, उत्तरपत्रिका तर मुळीच तपासावयाच्या नाहीत. स्वस्थ बसावे आणि वर पैसे घ्यावेत!

हा भ्रम आमच्या एका चित्रकार स्नेह्याने दूर केला. आमचे व्यक्तिचित्र काढण्याची त्यास लहर आली आणि आम्ही मोठ्या ऐटीत खुर्चीवर आरूढ झालो. दहाव्या मिनिटास नाकाच्या शेंड्यास खाज सुटली, पंधराव्यास मान अवघडली आणि विसाव्यास उजवा पाय आमचा की खुर्चीचा, याविषयी संशय उत्पन्न झाला. "प्रोफेसरसाहेब, हनुवटी खाली आली!" स्नेही वारंवार बजावी. अर्ध्या तासाने उठताना आम्हांस भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग त्याने सांगितले, की नेहमीचे मॉडेल विश्रांतीनंतर तेच आसन पुन्हा तंतोतंत घेते. पावलांच्या खुणा जमिनीवर खडूने करता येतात. हनुवटीची खूण मात्र ज्याची त्याने मनात ठेवावयाची.

मॉडेल रूपवान असलेच पाहिजे, हीही अशीच एक समजूत. शिकणाऱ्या विद्यार्थ्यास सुरकुतलेला गाल आणि वृद्धाच्या बरगड्या यांपासून जे कळते, ते गुळगुळीत चेहऱ्यापासून कळत नाही. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र घ्या. कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. वस्तुतः ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे जलरंगातले चित्र, आणि ती स्त्री म्हणजे त्यांची स्वतःची कन्या. बोटांतून झिरपणारा उजेड सर्वांस दिसतो. दिवा धरून त्या मुलीच्या हातास आलेली कळ कोणास दिसते?

तिसरी समजूत नीतीची, आणि तीच सर्वांत चिवट. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ सालची. तेथे सॉलोमन साहेबांच्या कारकीर्दीत, १९२० च्या सुमारास, नग्न देहावरून अभ्यास सुरू झाला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी अशाच एका मॉडेल स्त्रीवरील 'न्यूड' हा मराठी चित्रपट गोव्याच्या २०१७ च्या महोत्सवातील निवडीतून सरकारने वगळला. त्या वेळी सरकारच्या सोवळेपणाचा आम्ही प्राध्यापकांच्या खोलीत यथेच्छ उपहास केला होता.

पण आमच्याच घरी काय घडले होते? आमच्याकडे अनेक वर्षे भांडी घासणारी एक बाई दुपारी चित्रशाळेत 'बसते', अशी वार्ता शेजारणीने आणली. अंगावर वस्त्र असते की नसते, हेही कोणी विचारले नाही. कुटुंबाने तिचा हिशेब चुकता केला. आम्ही वर्तमानपत्राआड दडून राहिलो. जाताना ती उंबऱ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "साहेब, तिथली पोरं मला मावशी म्हणतात. स्वतःच्या कपातला चहा देतात." तिचा निराळा कप आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. तो तिने धुऊन पालथा घातला आणि ती निघून गेली.

त्या दिवशी खुर्चीत पाय बधिर झाला तेव्हा आम्हांस हे सारे आठवले. सकाळी आमची भांडी, दुपारी हे निश्चल बसणे, आणि त्यास आम्ही तिचा आळस, नव्हे पाप, समजलो होतो!

आमचे चित्र आता दिवाणखान्यात लागले आहे. पाहुणे त्याची वाहवा करतात. एवढा वेळ बसलात कसे, असे कौतुकाने विचारतात. अर्धा अर्धा तास चार वेळा बसून आम्ही प्रतिष्ठा मिळविली. तिने तेच काम पोटासाठी केले, आणि आम्ही तिची भाकर काढून घेतली.